सटवाईच्या शेंदराखाली

पत्रक लिहिताना पहिल्याच ओळीत मुद्दा सांगायचा, वाचणारा सिग्नलला उभा आहे असं समजून लिहायचं, हे मला शिकवलं गेलंय. तर मुद्दा असा. माझ्या डाव्या भुवईत टाक्यांची खूण आहे. ती अर्ध्या विटेची आहे. वीट ज्याने मारली त्याला मी लहानपणापासून राखी बांधते, यंदाही बांधली. आणि हे सगळं अशा एका दगडापायी झालं, ज्याच्याकडे त्याआधी गल्लीबाहेरचं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

परळ हे गाव आहे. होतं नाही, आहे. टॉवरच्या मधल्या फटीतून आत शिरलात की रस्ता अचानक एका हातगाडीपुरता होतो, उतारावरची घरं लागतात, बुजवलेल्या विहिरीचा कठडा लागतो, आणि मग देवळं. देवळं म्हणजे त्यांची काय दशा केलीय ते बघा. महादेवाच्या गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स. खांबावर कोरलेल्या कीर्तिमुखाला दर गणपतीत ऑइलपेंट, यंदाचा रंग पोपटी. मुंडकं उडालेला नंदी कॅरमवाल्यांचं स्टूल झालाय, त्याची पाठ बसून बसून गुळगुळीत झालीय. एका चाळीच्या मोरीत वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा करतात तो दगड. वरच्या पट्टीत तो स्वर्गात बसलाय, खालच्या पट्टीत तलवारी, घोडे, तुटलेले हात. त्या तुटलेल्या हातांवर रोज कुणीतरी चादरी आपटतं. हजारेक वर्षं जुनी कातळातली माणसं आपण साबणाने झिजवून टाकली.

आम्ही चार-पाच जण दर रविवारी तिथे झाडू, बादल्या आणि पत्रकं घेऊन जायचो. लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे, "छान काम करताय." मग आम्ही गेलो की नंदीवर परत बसायचे. सरकारी कार्यालयांत गेलो तिथेही चहाच मिळाला.

गावाच्या टोकाला, उंबराखाली, पत्र्याच्या घुमटीत सटवाई होती. कमरेएवढा शेंदराचा गोळा, त्याला चिकटवलेले चांदीचे दोन डोळे, बाकी आकार नाही. बाळ जन्मलं की सहाव्या दिवशी सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते. आमच्याकडे लालबाग-परळमध्ये ज्याच्या त्याच्या घरात हे मानतात, पण या गल्लीत एक जास्तीची रीत आहे. बाळाला महिन्याभरात इथे आणून दगडाच्या पायाशी क्षणभर ठेवतात आणि कपाळाला तिथला शेंदूर लावतात. मलाही ठेवलं होतं. मी कपाळावर बिपाळावर काही मानत नाही, पण ठेवलं होतं हे खरं.

सटवाईचं सगळं मावशी करायची. मावशी म्हणजे माझ्या आईची मैत्रीण. आई हॉस्पिटलात आया, रात्रपाळी असली की मी जेवायला-झोपायला मावशीकडे, घुमटीच्या पाठीला पाठ लावून असलेल्या तिच्या खोलीत. मालवणकडून लग्न होऊन आली, मग नवरा गेला, पण सासूने सोपवलेला दिवा तिने चुकवला नाही. तिची आधीची बाळं राहिली नव्हती. मग मुलगा झाला, तो माझा राखीचा दादा. त्याला सटवाईच्या पायाशी ठेवला आणि तो जगला. गल्लीत अजून त्याला सटवाईचा पोर म्हणतात. तो आता चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे.

रीडेव्हलपमेंट आली. शेजारच्या प्लॉटवर पायलिंगचं मशीन बसलं आणि दिवसभर जमिनीच्या पोटात घण घातल्यासारखं व्हायला लागलं. मांडणीवरची भांडी चालत पुढे यायची आणि खाली पडायची. भिंतींना चिरा गेल्या. आमच्या बाजूच्या नकाशात घुमटीच्या जागेवरून गाड्यांचा रॅम्प जाणार होता आणि सटवाई "नवीन भव्य मंदिरात" जाणार होती. भव्य मंदिर म्हणजे लिफ्टशेजारचा संगमरवरी कोनाडा, मी नकाशा बघितलाय.

सगळ्यांनी संमती दिली. मावशीने नाही दिली. तिला बाकी काही नको होतं. मोठी खोली नको, वरचा मजला नको. सटवाई आहे तिथेच राहायला हवी, एवढंच.

"आई, उचलून बाजूला ठेवणार आहेत फक्त," दादा म्हणायचा. "बाजूला. फेकत नाहीयेत."

"तुझ्या कपाळावर जिनं लिहिलंन, तिलाच उठवलंस तर लिहिलेलं खंय रवतला?"

"मग मी मरेन का?"

"मेल्या, तोंड संभाळ."

एकदा तो इतका चिडला की त्याने भरलेला तांब्या भिंतीवर मारला. भिंतीचा पोपडा आणि पाणी मावशीच्या ताटात. तिने पोपडा उचलून बाजूला ठेवला आणि जेवत राहिली. मी तिथेच होते. मी त्याला म्हटलं, "बिल्डरने भाड्याने घेतलाय का रे तुझा हात?"

"तू पत्रकं वाट, मॅडम," तो म्हणाला. "घरातलं घरात राहू दे."

आणि मग भर उन्हाळ्यात, दुपारी, मशीन सुरू असताना शेंदराचं कवच निघालं. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून थापलेला शेंदूर, वीतभर जाड. हादऱ्यांनी त्याला आधीच भेग गेली होती. मावशीने मला फोन केला, धापा टाकत, "गो, तू ये. देवी फुटली." मी धावत गेले. कवच टरफलासारखं दोन्ही बाजूंना पडलेलं, चांदीचे डोळे मातीत, आणि मध्ये काळा ओलसर दगड उभा. तेलाने तुकतुकीत. वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्रकोर. त्याखाली झिजलेल्या अक्षरांच्या ओळी. आणि सगळ्यात खाली एक बाई आणि एक गाढव.

मी बघताक्षणी ओळखलं. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये याचे फोटो किती वेळा फिरले होते. हा गद्धेगाळ. जुन्या काळी राजा कुणाला जमीन दान द्यायचा तेव्हा असा दगड रोवायचे. वर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत हे दान चालेल. मध्ये दान लिहिलेलं. आणि खाली धमकी: ही जमीन जो लुबाडेल त्याच्या आईवर गाढव चढेल. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रासकट. म्हणजे आपल्या नाक्यावर दिवसातून शंभर वेळा ऐकू येते ती शिवी, राजाच्या हुकमाने दगडात कोरलेली. जमीन पुरुष लुबाडणार, आणि शिक्षा त्याच्या आईला.

"काय गो ते?" मावशीने विचारलं. "बाई आसा ना ती?"

मी गोड बोलायला शिकलेली नाही. सांगितलं, जसंच्या तसं.

मावशीने मातीतले चांदीचे डोळे उचलले. मग घरात गेली आणि आपलं हिरवं लुगडं घेऊन आली. दगडाला कमरेपासून खाली गुंडाळलं, निऱ्या काढल्या, गाठ मारली. "उद्या शेंदूर आणूक हवो," म्हणाली.

"मावशी, शेंदूर नाही लावायचा. हा पुरावा आहे. ही जमीन कुणाला दिली ते यावर लिहिलंय. तज्ज्ञ येऊन वाचतील. मग कुणाचा बाप इथून हा दगड हलवू शकणार नाही."

"आणि हा चित्र सगळ्यांका दाखवतलंस?"

"दाखवायलाच पाहिजे. जमीन लुबाडणाऱ्यांसाठीच आहे ते. आज कोण लुबाडतंय?"

"माझ्या देवीची अब्रू छापू नको, गो," ती म्हणाली. ओरडली नाही. "बायका पोरं घेऊन येतत इथे."

मी छापली. का छापली तेही सांगते. माझ्या हातात पहिल्यांदा असं काही आलं होतं की ज्याला चहा पाजून वाटेला लावता येणार नव्हतं. रविवारी सकाळी पत्रक घराघरात गेलं. वर दगडाचा फोटो, खाली जाड अक्षरात: "या गावाची जमीन गिळणाऱ्याला हजार वर्षांपूर्वीची शिवी. ही सटवाई नाही, हा गद्धेगाळ आहे. वाचा आणि लाज बाळगा." मी ते पत्रक आजतागायत मागे घेतलेलं नाही. त्यातला शब्द न शब्द खरा आहे.

पण मी ते बिल्डरसाठी लिहिलं होतं आणि वाचलं गावाने.

दुपारपर्यंत गल्ली पेटली. ज्यांनी पोरं तिथे ठेवली होती त्या बायका घुमटीसमोर जमल्या आणि मला विचारायला लागल्या की आमची लेकरं आम्ही गाढवाखाली ठेवली का. नाक्यावरची पोरं दादाला म्हणाली, "काय सटवाईचा पोर, तुझा बाप कोण ते छापून आलंय." म्हणजे माझ्या पत्रकामुळे पहिली शिवी लागली ती बिल्डरला नाही, मावशीला. साइटचा सुपरवायझर पत्रक हातात धरून कमिटीच्या लोकांमध्ये उभा होता. त्याचा आवाज मऊ होता.

"तुमच्याच कार्यकर्तीने लिहिलंय. देवी नाहीच आहे म्हणते. मग आता कसलं स्थलांतर आणि कसली पूजा. अश्लील दगड आहे. आपला माणूस घण देतो, मोकळं करा."

दादा गर्दीतून आला तेव्हा त्याच्या हातात वीट होती, मोडक्या कठड्याची अर्धी. मी घुमटीच्या पायरीवर उभी होते. मला अजून वाटत होतं की मी समजावून सांगू शकेन.

"दादा, ऐक. ही शिवी तुला नाहीये. ही त्याला आहे," मी सुपरवायझरकडे हात केला.

"मला लहानपणापासून इथे डोकं टेकायला लावलं," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आणि तू सगळ्या परळला सांगतेस की तो काय दगड आहे. माझ्या आईचं नाव गाढवाबरोबर घेतायत ते. तुझ्यामुळे." आणि मग त्याने मला शिवी दिली. तीच. आईवरून. माझी आई, जिने त्याचा ताप आमच्या घरी उशाशी बसून काढला होता, तिच्यावरून.

मी त्याच्या कानाखाली मारली.

वीट मला दिसली नाही. फक्त डोक्यात एक पांढरा आवाज झाला आणि पायरी वर आली. डोळ्यात गरम काहीतरी उतरलं. मला कुणीतरी केसांना धरून मागे ओढलं, कुणीतरी कमरेत लाथ घातली, कोण ते मला आजही माहीत नाही. माझा फोन पडला आणि चपलांखाली गेला, काच फुटल्याचा आवाज मी ऐकला. दगडाचे सगळे फोटो त्यात होते, अजून कुणाला पाठवलेले नव्हते. मी कुणाच्या तरी मनगटाला दात लावले आणि रक्ताची चव आल्यावरच सोडलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा दगडाचं काही पडलं नव्हतं. मला कुणाला तरी फोडायचं होतं.

मावशी कुठून आली ते मला दिसलं नाही. ती दगडाच्या आणि दादाच्या मध्ये उभी होती. पदर खोचलेला.

"म्हण परत," ती त्याला म्हणाली.

"आई, तू बाजूला हो."

"आईवरनं काय म्हटलंस ता परत म्हण. हिच्या आईक म्हटलंस ना? माझ्या तोंडावर म्हण. मीय आईच आसंय."

त्याने मान खाली घातली.  मला वाटतं तेवढ्यावर भांडण मोडलं असतं. पण मागून सुपरवायझरच्या माणसाने घण पुढे सरकवला, आणि हातात घण आलेल्या माणसाला तो मारावाच लागतो. दादाने आईला खांद्याने ढकललं. ती उंबराच्या बुंध्यावर आदळली आणि खाली बसली. त्याने घण उचलला आणि दगडावर घातला.

पहिला घाव वर बसला. चंद्रकोर उडाली आणि तुकडा पत्र्यावर वाजला. चंद्रसूर्य असेपर्यंत, असं लिहून ठेवलेल्या दगडाचा चंद्र माझ्या डोळ्यांदेखत गेला.

दुसरा घाव त्याने खाली घातला, बाईवर. लुगडं आधीच सुटून पडलं होतं. दगड तेलकट होता. किती पिढ्या त्याला तेल पाजत होत्या, वर शेंदूर चढायचा आणि तेल आत मुरायचं. घण त्यावरून साबणावरून सरकावा तसा सरकला आणि पूर्ण जोराने त्याच्याच नडगीवर गेला. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. ओली फांदी मोडावी तसा होतो. तो ओरडला नाही, खाली बसला आणि आपल्या पायाकडे बघत राहिला, कारण पाय चुकीच्या दिशेला होता.

मग मात्र गल्ली ओरडली.

"देवीने मारलं," एक बाई म्हणाली. मग दुसरी. मग सगळ्याच. ज्या घटकाभरापूर्वी मला गाढवाचा हिशेब मागत होत्या त्याच बायका हात जोडून उभ्या राहिल्या. कॅरमवाले मागे सरकले. सुपरवायझरने आपल्या मजुरांना हाक मारली, घण उचला म्हणून. त्यातला एक पुढे आलाच नाही. "साहब, माता की जगह है," तो म्हणाला, "इसको हम लोग नहीं छुएंगे." बाकीचे त्याच्या मागे उभे राहिले.

मी रक्त पुसत होते आणि मला किंचाळावंसं वाटत होतं की तेल होतं, अरे, तेल. घर्षण कमी झालं. शाळेत शिकवतात. पण मी तोंड उघडलं नाही. दगड जागेवर होता, आणि मी खरं बोलले असते तर गेला असता. सकाळी एकदा खरं बोलून झालं होतं.

पोलीस आले, "घरातलंच भांडण ना?" विचारून गेले. हॉस्पिटलात मला आणि दादाला शेजारशेजारच्या स्ट्रेचरवर ठेवलं. मला टाके घालत होते, त्याचा पाय ओढून सरळ करत होते. मध्ये मावशी स्टुलावर, तिच्याही कोपराला बँडेज.

"विटेचा नेम बरा आहे तुझा," मी म्हटलं.

"कानाखाली मारलीस त्या कानाने ऐकू येत नाहीये अजून," तो दातांमधून म्हणाला.

"दोघंही गप्प बसा," मावशी म्हणाली. मग त्याच्या पायावर हात ठेवून, अगदी हळू: "पायावर भागलं. कपाळावरचं ऱ्हवलं." ती रडत होती. मला तेव्हा कळलं की तिला त्या दगडाची भीती कधी वाटली नव्हती. तिला ती त्याच्यासाठी वाटत होती, तो जन्मल्यापासून.

कामावर कुणी मजूर त्या कोपऱ्यात जाईना. ठेकेदाराने दुसरी टोळी आणली, तिलाही गल्लीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी मोडका पाय दाखवला. दादा दारात खुर्ची टाकून प्लास्टर पुढे करून बसायचा, इलाज नव्हता. शेवटी नकाशा बदलला. रॅम्पची चुन्याची रेघ आता घुमटीला वळसा घालून जाते. वीरगळ अजून मोरीत आहे, नंदीवर अजून बसतात. त्यांनी कुणाचा पाय मोडलेला नाही.

आणि अक्षरं? ती वाचलीच गेली नाहीत. माझा फोन चुराडा झाला. पत्रकावरचा फोटो झेरॉक्सचा, त्यात ओळी म्हणजे काळे डाग. त्याच आठवड्यात मी मावशीला म्हटलं होतं की मला एक दिवस दे, नवीन फोन आणते, माणूस आणते, ठसा घेते.

"लुगडं किती दिवस टिकतलां?" ती म्हणाली. "येणारे-जाणारे उचलून बघतत. पोरं हसतत. त्या बाईक बघून हसतत, गो."

हे मात्र खरं होतं. मी स्वतः उभं राहून पाहिलं होतं. दोन बाप्ये लुगड्याचं टोक काठीने वर करून आत डोकावत होते आणि फोन काढत होते. मी त्यांना हाकललं, एकाच्या हातातली काठी मोडली. पण दिवसभर तिथे कोण बसणार. हजार वर्षांपूर्वी कुणा राजाने त्या बाईला धमकी म्हणून उभं केलं, आणि मी पत्रकावर छापून परत तेच केलं, असं मावशी म्हणाली नाही. ती नुसती परातीत शेंदूर ओतत होती.

परात मोठी होती. तिचा कोपर दुखावलेला, म्हणून कालवायला मी बसले. तेल, शेंदूर, परत तेल. नखांत गेला तो अजून निघालेला नाही. सूर्याशेजारी चंद्राचा तुटलेला तुकडा मावशीने ओल्या शेंदरात दाबून बसवला. अक्षरांवरून मी बोटं फिरवली, एकेका ओळीवरून, जणू बोटांना वाचता येईल. काही कळलं नाही. मग त्यावर गोळा थापला.

"आधी बाईक झाक," मावशी म्हणाली. "कपाळापासून. नीट."

मी झाकलं. कपाळ, खांदे, पाय.

दारातून दादा बघत होता, प्लास्टर स्टुलावर. "गाढवाला जाड लाव," तो म्हणाला.

मी परातीतलं सगळं उरलेलं उचललं आणि गाढवाच्या तोंडावर हाणलं. मग परत एकदा. मावशीने थांबवलं नाही.